ब्लॅकमोर गेल्यावर

८ एप्रिल १९९५. मुंबईतल्या मंचावर डीप पर्पलची चार गाणी झाली होती. 'फायरबॉल', 'मेबी आय अ‍ॅम अ लिओ', 'ब्लॅक नाइट' आणि 'द बॅटल रेजेस ऑन'. पहिली तीन आपल्याकडच्या रॉकवेड्यांनी कॅसेटी घासून घासून पाठ केलेली, चौथं दोन वर्षांपूर्वीचं. मग पाचवं सुरू झालं आणि ते ओळखीचं नव्हतं. असण्याची शक्यताच नव्हती, कारण तोवर ते कुठल्याही अल्बमवर आलेलं नव्हतं. 'केन द मेकॅनिक' हे त्याचं तेव्हाचं नाव. दहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, 'पर्पेंडिक्युलर' नावाचा अल्बम बाजारात आला. त्याचं पहिलंच गाणं हे होतं आणि तोवर केनचा टेड झाला होता.

मी त्या रात्री तिथं नव्हतो. माझ्यापर्यंत हे गाणं आलं ते टेडच्या नावानं, वर्षभरानं, डोंबिवलीच्या घरात, टेपरेकॉर्डरवर. कॅसेटचा फीत-गुंता पेन्सिल घालून सोडवायचा तो काळ. मुंबईच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण 'बॉम्बे कॉलिंग' या नावानं निघालं, ते हाती आलं तेव्हा मात्र मी त्या पाचव्या गाण्यापाशी थांबून राहिलो. जगातला एक म्हातारा होत चाललेला, भांडून थकलेला बँड आपल्या नव्या गिटारवादकाबरोबर काहीतरी घडवत होता. ते अजून पुरतं घडलेलं नव्हतं, नावही पक्कं नव्हतं, आणि ते कच्चं काम मुंबईनं ऐकलं होतं.

या लेखासाठी मी तीन ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा, एकामागून एक ऐकली. बर्मिंगहॅम, ९ नोव्हेंबर १९९३. मुंबई, ८ एप्रिल १९९५. आणि फ्लोरिडात १९९५ मध्ये मुद्रित झालेला 'पर्पेंडिक्युलर'. तिन्हींत गायक, ऑर्गनवादक, बेसवादक आणि ड्रमर तेच आहेत. बदलला तो एक माणूस. आणि तरीही बर्मिंगहॅमचे चौघे आणि फ्लोरिडातले चौघे मला एकच वाटत नाहीत. मला जे सांगायचं आहे ते या फरकाबद्दल आहे.

बर्मिंगहॅमपासून सुरुवात करतो, कारण ते बघवत नाही.

कार्यक्रम 'हायवे स्टार'नं सुरू होतो. ड्रम सुरू, बेस सुरू, ऑर्गन सुरू. गिटार नाही. रिची ब्लॅकमोर मंचावर आलेलाच नाही. चौघंजण गिटारीविना गाणं पुढं रेटतात. ज्या गाण्याचा कणाच गिटार आहे ते गाणं! सोलोची वेळ येते तेव्हा ब्लॅकमोर अवतरतो, वाजवतो, आणि कॅमेऱ्यांवरचा राग काढत कॅमेरावाल्याच्या दिशेनं पाणी फेकतो. चित्रफितीत हे सगळं आहे. इयान गिलन गातोय, पण डोळा मंचाच्या कडेला. जॉन लॉर्डसारखा शांत माणूस ऑर्गनवर वाकून भरावाचं काम करतोय. घरात भांडण चालू असताना पाहुण्यांना जेवायला वाढावं तसा तो सगळा कार्यक्रम आहे.

आठ दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, हेलसिंकीत ब्लॅकमोर या बँडबरोबर शेवटचं वाजला.

त्याचा राग काय होता हे समजून घ्यायला हवं, कारण त्याला नुसतं खलनायक ठरवणं अन्यायाचं आहे. डीप पर्पल १९६८ चं. पहिल्या संचातले दोघे वर्षभरात गेले, १९६९ मध्ये गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले, आणि ब्लॅकमोर, लॉर्ड, गिलन, ग्लोव्हर, इयान पेस हा जो संच जमला त्याला चाहते 'मार्क टू' म्हणतात. 'इन रॉक', 'फायरबॉल', 'मशीन हेड', 'मेड इन जपान' हे सगळं त्या संचाचं, १९७० ते १९७२ या तीन वर्षांतलं. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये कॅसिनो जळला, ठरलेली जागा गेली आणि मग हिवाळ्यात बंद असलेल्या एका हॉटेलच्या बोळात गाद्या लावून 'मशीन हेड' मुद्रित झाला, ही कथा रॉक ऐकणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. 'स्मोक ऑन द वॉटर' माँत्रोचंच. ते चार स्वर ब्लॅकमोरचे. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचा, धोबी तलावच्या रंगभवनात कॉलेजची पोरं गिटारी घेऊन चढायची, त्यांतल्या किती जणांनी हातात गिटार घेतल्यावर पहिल्यांदा तेच चार स्वर वाजवले असतील! माझेही पहिले स्वर तेच.

तेव्हा बँड कुणाचा, या प्रश्नाला ब्लॅकमोरच्या मनात उत्तर तयार होतं. १९८४ मध्ये जुना संच पुन्हा एकत्र आला, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' निघाला. १९८९ मध्ये गिलनला काढलं. जो लिन टर्नरला घेऊन १९९० चा 'स्लेव्ज अँड मास्टर्स' झाला. मग पंचविसावं वर्ष तोंडावर आलं तसा गिलनच परत हवा असा आग्रह झाला आणि ब्लॅकमोरच्या मनाविरुद्ध तो परत आला. १९९३ च्या अल्बमचं नावच 'द बॅटल रेजेस ऑन'. लढाई चालूच, असं घरच्यांनीच दारावर लिहून ठेवलेलं.

ब्लॅकमोर गेला. समोर जपानचा दौरा, तिकिटं विकलेली. जो सॅट्रियानी धावून आला. 'सर्फिंग विथ द एलियन'वाला सॅट्रियानी, स्वतःच्या नावावर सभागृहं भरवणारा. त्यानं जपान केलं, १९९४ च्या उन्हाळ्यात युरोपही केला, पण स्वतःचे करार होते, राहणं शक्य नव्हतं. तो उपकाराचा माणूस. त्याच्यामुळं चौघांना एक गोष्ट कळली, की ब्लॅकमोरविना उभं राहता येतं.

पण उभं राहणं निराळं आणि नवं काही करणं निराळं. यापूर्वी एकदा हा प्रयोग झाला होता आणि त्याचा शेवट फार वाईट झाला होता. १९७५ मध्ये ब्लॅकमोर पहिल्यांदा सोडून गेला तेव्हा टॉमी बोलिन आला. चोविशीतला, विलक्षण हाताचा अमेरिकन पोरगा. त्याच्याबरोबरचा 'कम टेस्ट द बँड' मला आजही आवडतो. पण दौऱ्यात लोकांना ब्लॅकमोर हवा होता. बोलिन व्यसनात बुडालेला होता, जपानात त्याचा डावा हात नीट चालत नव्हता आणि त्याच अवस्थेत त्याला मंचावर उभं राहावं लागलं. मार्च १९७६ मध्ये बँड फुटला. त्याच वर्षी ४ डिसेंबरला बोलिन मायामीत गेला. वय २५. कुणाच्या तरी जागी उभं राहण्याची किंमत किती असू शकते हे लॉर्ड आणि पेस यांनी शेजारी उभं राहून पाहिलेलं होतं. अठरा वर्षांनी पुन्हा तीच जागा रिकामी झाली तेव्हा ते दोघं काय आठवत असतील, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

आपल्याकडे ही जागा भरण्याची गोष्ट नाटक कंपन्यांनी भोगलेली आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून गेले तेव्हा कंपनी बसली असंच सगळ्यांना वाटलं असणार. पुढं तिथं कोवळे दीनानाथ मंगेशकर आले. त्यांचं गाणं गंधर्वांच्या गाण्याच्या अगदी उलट अंगाचं, तेजस्वी, चपळ, धक्के देत जाणारं. त्यांनी गंधर्वांची नक्कल केली असती तर मराठी रंगभूमीला एक बरा नकलाकार मिळाला असता आणि दीनानाथ मिळाले नसते.

स्टीव्ह मोर्स आला नोव्हेंबर १९९४ मध्ये. पहिले कार्यक्रम मेक्सिकोत. वय ४०. मूळचा ओहायोचा, शिक्षण मायामी विद्यापीठात, 'डिक्सी ड्रेग्ज' या बँडचा कर्ता. जॅझ, कंट्री, रॉक, पाश्चात्त्य अभिजात, सगळं एका ताटात वाढणारा तो बँड, आणि त्यात बहुतेक गाणी शब्दांविना. 'गिटार प्लेअर' मासिकाच्या वाचकांनी त्याला सलग पाच वर्षं सर्वोत्तम गिटारवादक ठरवलं होतं. मध्ये तो 'कॅन्सस' बँडमध्ये होता. आणि १९८० च्या दशकात काही काळ गिटार बाजूला ठेवून तो प्रवासी विमानाचा सहवैमानिक झाला होता. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढं लागणार आहे.

ब्लॅकमोर आणि मोर्स यांच्या हातातला फरक गिटार न वाजवणाऱ्यालाही ऐकू येतो. ब्लॅकमोरचा हात नाटकी आहे, आणि हे मी कौतुकानं म्हणतो. तो थांबतो, तुम्हाला ताटकळत ठेवतो, मग तार ओढून एक स्वर असा फेकतो की अंगावर काटा यावा. त्याच्या वाजवण्यात राग असतो, तिरसटपणा असतो, मध्येच एखादी पूर्वेकडची सुरावट असते. मोर्स कारागीर आहे. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे छेडलेला, पिक खाली-वर-खाली-वर, कितीही वेगात एकही दाणा दुसऱ्याला चिकटत नाही. दोघांची तुलना करून लहानमोठं ठरवण्यात मला रस नाही. मला रस आहे तो मुंबईच्या त्या रात्रीच्या गाण्यांच्या यादीत.

ती यादीच बोलकी आहे. 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे गाणं 'मशीन हेड'च्या वेळचं, अल्बममध्ये न घेतलेलं, छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला ढकललेलं. ब्लॅकमोरला ते आवडत नसे, म्हणून त्याच्या काळात ते मंचावर जवळजवळ कधी आलंच नाही. मुंबईत ते आहे. 'पिक्चर्स ऑफ होम' आहे. वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवलेली भांडी घासूनपुसून ओट्यावर मांडावीत तशी ही गाणी बाहेर काढली होती. आणि त्यांच्या मध्ये दोन अगदी नवी: केन मेकॅनिकचं ते, आणि 'द पर्पेंडिक्युलर वॉल्ट्झ'. मुंबईच्या मंचावर जुनं धन, लपवलेलं धन आणि होऊ घातलेलं धन अशी तिन्ही एकत्र होती.

आणखी एक योगायोग त्या रात्री होता आणि तो मला फार मोलाचा वाटतो. 'चाइल्ड इन टाइम'. लॉर्डचा ऑर्गन सुरुवातीला जी संथ सुरावट धरतो ती मूळची डीप पर्पलची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या १९६९ च्या अल्बमवर एक शब्दांविना रचना आहे, तिचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. तीच सुरावट यांनी उचलली, संथ केली आणि तिच्यावर गिलनच्या त्या किंकाळ्या चढवल्या. गिलननं हे कधी लपवलं नाही. फेड म्हणावी तर तीही झाली: त्या बँडनं पुढच्याच अल्बमवर डीप पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'ची सुरावट वापरली. पंचवीसेक वर्षांनी ती सुरावट, जिच्या नावातच हे शहर होतं, या शहरात वाजली. त्याच वर्षी शहराचं इंग्रजीतलं अधिकृत नाव मुंबई झालं. ध्वनिमुद्रणाच्या नावात मात्र बॉम्बे राहिलं, आणि त्या सुरावटीच्या उगमामुळं ते तिथं शोभतं. पुढं गिलननं 'चाइल्ड इन टाइम' गाणं जवळपास सोडूनच दिलं. मुंबईला ते मिळालं.

मुंबईच्या मुद्रणात मोर्स अजून पाहुणा आहे. जुन्या गाण्यांत तो जपून पावलं टाकतो. ब्लॅकमोरच्या ठरलेल्या जागा आल्या की त्यांना मान देतो, मग हळूच स्वतःच्या वाटेनं जातो. केन मेकॅनिक सुरू झाला की हे बदलतं. तिथं ब्लॅकमोरची सावली नाही, कारण ब्लॅकमोरनं ते कधी वाजवलेलंच नाही. तिथं मोर्स घरचा होतो.

अल्बम मुद्रित झाला फ्लोरिडात, ऑरलँडोजवळच्या ग्रेग राइक स्टुडिओत, १९९५ भर दौऱ्यांच्या मधल्या सवडीत. मोर्स फ्लोरिडातच राहणारा. म्हणजे चार ब्रिटिश ज्येष्ठ नव्या माणसाच्या अंगणात गेले. बाहेरचा निर्माता नाही, निर्मिती बँडची स्वतःची. आणि बाराही गाण्यांचं श्रेय पाचजणांच्या नावे सारखं. नुकत्याच आलेल्याचं नाव पंचवीस वर्षांच्या मुरलेल्यांच्या ओळीत, त्याच मापाच्या अक्षरात. असल्या कागदावर बँड फुटतात, हे ज्यांनी बँड चालवले आहेत त्यांना विचारावं.

नावातली गंमत आपल्याला सहज कळते: पर्पल आणि काटकोनात उभी असलेली रेषा, म्हणजे लंब, हे दोन शब्द एकमेकांत मिसळलेले. जुन्या रेषेला समांतर न जाता तिच्याशी काटकोन करून उभा राहिलेला अल्बम, असं मी ते नाव वाचतो.

पहिलं गाणं जवळून ऐकू या, कारण सगळं त्यात आहे. 'व्हवूम: टेड द मेकॅनिक'. सुरुवातीलाच गिटार चिवचिवते, अक्षरशः चिवचिवते. हे कसं होतं? उजव्या चिमटीत पिक धरलेलं असतं, पण ते फार आखूड, टोक जेमतेम बाहेर. पिक तार छेडून खाली सरकतं त्याच क्षणी अंगठ्याची कड तारेला निसटती लागते. मूळ स्वर दबतो आणि त्याच्या पोटात दडलेला वरचा स्वर शिट्टीसारखा सुटतो. अंगठा दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाला की भलताच स्वर निघतो, किंवा नुसता ठप्प आवाज. मी महिनोन्महिने या एका गोष्टीवर बसलो आहे, त्यामुळं सांगू शकतो: एकदा जमणं कठीण नाही, हवा तोच स्वर हव्या त्या ठोक्यावर पुन्हा पुन्हा काढणं कठीण आहे. इतर लोक ही शिट्टी सोलोमध्ये ठसक्यासाठी वापरतात. मोर्सनं ती रिफमध्येच विणली, साध्या स्वरांच्या मध्ये, जरीचा धागा काठात यावा तशी. डीप पर्पलच्या सत्तावीस वर्षांत असा आवाज कुठंच नव्हता.

आता गिलनचं ऐका. इथं तो ओरडत नाही. बोलतो. कुणीतरी गुत्त्यात शेजारी बसून आपली कर्मकहाणी सांगावी तसा, अर्ध्या गाण्यात अर्ध्या गप्पांत. बर्मिंगहॅममध्ये ज्या गळ्यात ताण होता तो इथं सैल झालेला आहे. त्या गळ्याचं वय तेव्हा पन्नास. विशीतल्या किंकाळ्या आता रोज निघणार नाहीत हे त्यानं ओळखलं आणि नव्या गाण्यांनी त्याला ती सक्ती केली नाही.

पण या अल्बमवर मला सर्वांत जास्त बदललेला वाटतो तो जॉन लॉर्ड. ऑर्गन म्हटलं की आपल्याला नाट्यसंगीतातला भात्याचा ऑर्गन आठवतो, गायकाच्या मागं सावलीसारखा राहणारा. लॉर्डचा हॅमंड म्हणजे विजेवर फिरणाऱ्या दातेरी चकत्यांतून स्वर काढणारं धूड. ते मुळात चर्चमधल्या आणि घरातल्या वापरासाठी बनलेलं वाद्य. लॉर्डनं ते गिटारीच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढलं, तेव्हा ते गुरगुरायला लागलं. ब्लॅकमोरच्या काळात गिटार आणि ऑर्गन ही आमनेसामनेची जोडी. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याहून जोरात जबाब द्यायचा. 'मेड इन जपान' ऐकताना दोन मल्ल शड्डू ठोकून उभे आहेत असं वाटतं, आणि ती कुस्ती जगात एक नंबरची होती. शेवटी शेवटी मात्र ती खरीच मारामारी झाली.

मोर्सबरोबर लॉर्ड कुस्ती खेळत नाही. 'कॅस्केड्स: आय अ‍ॅम नॉट युवर लव्हर'मध्ये दोघं भरधाव ताना बरोबरीनं घेतात, एकाच सुरावटीवर, खांद्याला खांदा लावून. कुठं गिटार संपते आणि कुठं ऑर्गन सुरू होतो ते कळत नाही. चोपन्न वर्षांचा माणूस आपल्याहून तेरा वर्षांनी लहान माणसाबरोबर पळण्याची मजा घेतोय हे त्या तानांत ऐकू येतं. मी ते गाणं ऐकताना दर वेळी लॉर्डकडंच लक्ष देतो.

आणि 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'. साडेसात मिनिटं. मोर्स तारा एकेक करून सुट्या छेडत जातो, त्यावर गिटारीचाच दुसरा आवाज एक लांब, दुखरी सुरावट काढतो, आणि गिलन खालच्या पट्टीत सुरू करतो. नावात किंचाळण्याची इच्छा आहे, पण गाणं बराच वेळ ती दाबून धरतं. भरतं, ओसरतं, पुन्हा भरतं. डीप पर्पलनं हे गाणं पुढं वर्षानुवर्षं मंचावर ठेवलं. माझं मत विचाराल तर 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'नंतर या बँडनं केलेलं हे सर्वश्रेष्ठ गाणं आहे. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॅसेट उलट फिरवून लगेच दुसऱ्यांदा ऐकलं.

सगळा अल्बम या उंचीवर नाही. तासाभराहून जास्त लांबी आहे. सीडीवर जागा होती म्हणून भरली, असं त्या काळातल्या अनेक अल्बमांचं झालं. 'मशीन हेड' अडतीस मिनिटांच्या आत संपतो आणि त्यात एक क्षण जादा नाही. इथं 'अ कॅसल फुल ऑफ रास्कल्स'पासून पुढं माझं लक्ष थोडं ढळतं. 'सून फरगॉटन' मात्र अनेकांना विचित्र वाटतं, मला आवडतं. आणि 'द एव्हिएटर' या वैमानिकाच्या नावाच्या गाण्यात विजेची गिटार बाजूला ठेवून लोकगीताच्या वळणाची अकूस्टिक गिटार येते. हार्ड रॉकवाल्यांच्या अल्बमवर इतकी मोकळी हवा मी क्वचित ऐकली आहे.

अल्बम खपला नाही. ब्रिटनमध्ये तो ५८ व्या क्रमांकापर्यंत गेला. १९९६ सालचं ते जग ओएसिसचं होतं, सिअ‍ॅटलच्या बँडांनी आधीच जुन्यांची घरं रिकामी केली होती. चाळिशी-पन्नाशीतल्या पाचांचा नवा अल्बम कुणाला हवा होता? पण बँड जगला. १९९८ मध्ये 'अबॅन्डन' आला. १९९९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डचा 'कन्चेर्टो' तीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. त्याची मूळ स्वरलिपी हरवली होती, जुन्या मुद्रणावरून ऐकून ऐकून ती नव्यानं लिहावी लागली. २००२ मध्ये लॉर्डनं निरोप घेतला आणि डॉन एअरी त्याच्या जागी बसला, विनातक्रार. २०१२ मध्ये लॉर्ड गेला. ब्लॅकमोरही आपल्या सुखाच्या जागी पोहोचला: पत्नी कँडिस नाइटबरोबर जुन्या युरोपी लोकसंगीताचा त्याचा बँड १९९७ पासून सुरू आहे. दोन्ही घरं सुखात नांदली.

मोर्स २७ वर्षं राहिला. ब्लॅकमोरच्या दोन्ही कारकीर्दी मिळूनही इतकी होत नाहीत. मनगट संधिवातानं धरलं तेव्हा त्यानं पिक धरण्याची पद्धत बदलून घेतली आणि वाजवत राहिला. २०२२ मध्ये पत्नीच्या कर्करोगामुळं त्यानं बँड सोडला, ती २०२४ मध्ये वारली. त्याच्या जागी बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा एक नवा अल्बम निघाला. या वेळी जागा बदलताना कुणी पाणी फेकलं नाही.

८ एप्रिल २०१६ रोजी, मुंबईच्या त्या रात्रीला बरोबर एकवीस वर्षं झाली त्या दिवशी, ब्रुकलिनमध्ये डीप पर्पलला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. यादीत आठ नावं होती. ब्लॅकमोरचं होतं, तो आला नाही. वर्षभरच राहिलेल्या पहिल्या गायकाचं होतं. मोर्सचं नव्हतं, एअरीचंही नव्हतं. त्या संध्याकाळी बँडनं जी गाणी वाजवली त्यांत गिटार मोर्सनं वाजवली. मला त्याचा राग आला होता, अजून येतो.

आता ती वैमानिकाची गोष्ट. १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' अंतराळयान सुटलं. त्यात कर्नालची कल्पना चावला होती, तिची दुसरी फेरी. तिलाही विमानं उडवण्याचं वेड, तिच्याकडंही व्यावसायिक वैमानिकाचा परवाना. डीप पर्पल तिचा आवडता बँड. उड्डाण चालू असतानाही बँडबरोबर तिचा ई-मेलनं संवाद होता. सकाळी अंतराळवीरांना उठवायला पृथ्वीवरून गाणं लावतात, तिच्यासाठी एकदा 'स्पेस ट्रकिन' लावलं गेलं. सोबत नेता येईल अशा मोजक्या सामानात तिनं तीन सीडी घेतल्या होत्या. त्यांतल्या दोन डीप पर्पलच्या. एक 'मशीन हेड'. दुसरी 'पर्पेंडिक्युलर'.

१ फेब्रुवारीला, परतताना, टेक्ससच्या आकाशात यान फुटलं. साठ किलोमीटरहून अधिक उंचीवरून सगळं खाली आलं. अवशेष शोधणाऱ्यांना त्या दोन्ही सीडी सापडल्या.

मोर्सनं बातमी कळल्यावर एक रचना केली. शब्द नाहीत. दीडेक मिनिटाची, संथ. त्या वर्षी निघालेल्या 'बनानाज' अल्बमच्या अगदी शेवटी ती आहे, नाव 'कॉन्टॅक्ट लॉस्ट'. तिच्यात ताना नाहीत, शिट्टीसारखे स्वर नाहीत. गिटारीचा एक स्वर निघतो, वर जातो आणि बराच वेळ तिथंच राहतो.